मला सुतक लागतं का?

माझी भावजय आता माझी भावजय नाही. मग ती माझी कोण लागते, असं कुणी विचारलं की मी इंग्रजीच्या आडोशाला जाते. ‘रिलेशनमधली आहे,’ एवढंच सांगते आणि विचारणाऱ्याचं तेवढ्यावर समाधान होतं. जाऊ, नणंद, साडू, व्याही, मावससासू असे शब्द आपल्याकडे ढिगाने आहेत, पण हिच्यासाठी एकही नाही.

मी नाशिकला एका शाळेत इंग्रजी शिकवते. हा शब्द कुठल्या ना कुठल्या धड्यात येतोच. मी फळ्यावर लिहिते, रिलेशन म्हणजे नातं, संबंध. मुलं उतरवून घेतात. मागच्या बाकांवर खसखस पिकते, कारण त्यांच्या लेखी रिलेशन म्हणजे फक्त तो आणि ती. मी न ऐकल्यासारखं करते आणि पुढच्या शब्दाकडे वळते.

माझा धाकटा भाऊ डेंग्यूने गेला. अंबडच्या एका कारखान्यात तो कामाला होता. आई, तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी असे सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात राहायचे. वडील आधीच गेले होते. पावसाळा संपत आला होता, गल्लीत घरोघरी ताप होता. त्यालाही आला. गोळ्या घेऊन तो दोन दिवस कामावरही गेला. मग प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. माणूस असा जातो यावर माझा विश्वासच बसत नव्हता. मी त्याच्या चपला दाराबाहेरून उचलून आत ठेवल्या, एवढंच त्या दिवसातलं मला नीट आठवतं.

आईने त्याचा मोबाइल बंद केला नव्हता. रोज तो चार्जिंगला लावायची आणि फ्रिजवर ठेवायची. त्यावर कोण फोन करणार होतं? पण तिला ‘बंद कर’ म्हणायची आमच्यापैकी कुणाची हिंमत नव्हती. महिन्याभराने एका दुपारी मी तिथे असताना तो वाजला. आईने धावत जाऊन उचलला. बँकेतली मुलगी होती, आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू आलं. “नमस्कार सर, मी आपली रिलेशनशिप मॅनेजर बोलतेय.”

आईला त्यातला एकच शब्द कळला. तिचं माहेर आणि सासर दोन्ही नामपूरकडचं, घाईत आली की तिच्या तोंडी तिकडचीच बोली यायची. “कोण शे माय? रिलेशनमधली का? नामपूरकडची का तू?”

पलीकडची मुलगी गोंधळली. “मॅडम, सर आहेत का?”

“नाही.”

“कधी येतील?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, पण तिने फोन माझ्याकडे दिला नाही. “सांगता येत नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवसानंतर तिने तो चार्जिंगला लावला नाही.

भावजय तेव्हा तिशीचीही नव्हती. तिचे आईवडील हयात नव्हते. पेठकडे एक भाऊ होता, पण त्याने दहाव्यालाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ताई, ती तुमच्याकडेच राहील ना? आमचं घर लहान आहे.” त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. ती आमच्याकडेच राहिली. पुढे गल्लीच्या टोकाला एका औषधांच्या दुकानात तिने नोकरी धरली. सकाळी मुलीला बालवाडीत सोडायची, दुपारी आई तिला घेऊन यायची. आई घरी ब्लाउज शिवायची. मशीनच्या आवाजातच ती पोर झोपायची.

वर्ष उलटल्यावर एकदा शेजारची बाई आईकडे ब्लाउज टाकायला आली आणि माप देता देता म्हणाली, “तुमच्या सुनेचं काही रिलेशन चालू आहे का हो? दुकानातला तो पोरगा परवा तिला गाडीवर सोडायला आला होता.”

आईने टेप गळ्यात अडकवला. “हात वर करा,” म्हणाली. तिचं माप पुरं घेतलं आणि तिला वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी भावजय घरी आली, तेव्हा मीही तिथे होते. आईने तिला पाणी दिलं आणि समोर बसवलं. “हे बघ, बाई. तुझ्या मनात कुणी असेल तर मला सांग. मी लावून देते लग्न.”

भावजयीचा चेहरा पांढरा पडला. “आई, कोण काय बोललं तुम्हाला? त्या दिवशी पाऊस होता, रिक्षा मिळेना म्हणून तो सोडायला आला. त्याचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. तसं काही नाही, आई. यांची शपथ.”

यांची म्हणजे माझ्या भावाची. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि हळूच म्हणाली, “नाही ना? मग मी बघते.”

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण तिने खरंच बघायला सुरुवात केली. आमच्याकडच्या लोकांत असं सहज होत नाही. नामपूरच्या माझ्या चुलत भावाने फोनवर आईला पुष्कळ ऐकवलं, घराण्याची अब्रू वगैरे काढली. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “मी किती दिवस पुरणार तिला? तू सांभाळशील का?” त्याने फोन ठेवून दिला.

दिंडोरीकडचं एक स्थळ आलं. द्राक्षबाग असलेला माणूस, पहिली बायको बाळंतपणात मुलासकट गेलेली. तो कमी बोलायचा, बोलताना जमिनीकडे बघायचा. त्याची आई मात्र करारी होती. आमच्या घरी बैठक झाली तेव्हा तिने चहाला हात लावायच्या आधीच सांगितलं, “पोरगी आमाला पसंत हाय. लेकरू पण येऊ द्या, आमी आमच्या पोरीसारखं वाढवू. पण एक हाय. मागचे संबंध ठेवायचे नाय. एका बाईला दोन सासरं नसत्यात.”

मी काही बोलणार होते, पण आईने मला डोळ्यांनीच थांबवलं. “मी तिची सासू म्हणून नाही, आई म्हणून पाठवतेय,” आई म्हणाली. “लेकीला माहेर लागतं की नाही?”

“तिला भाऊ हाय ना?”

आईने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. म्हणाली, “दिवाळीला आणि अखजीला पोर मला दाखवा. बाकी तुम्ही म्हणाल तसं.” अखजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या बागलाण भागात लेकी तेव्हा माहेरी येतात.

त्या बाईने चहाचा कप उचलला आणि मान हलवली.

लग्न एका मंदिरात झालं, पंधरावीस माणसांत. लग्नातला ब्लाउज आईनेच शिवला. भावजय माप द्यायला तिच्यासमोर उभी राहिली. आईने खांदा मोजला, दंड मोजला, आणि टेप हातात धरून नुसतीच उभी राहिली. “खराब झालीस,” म्हणाली, “दोन इंच कमी भरतंय.” मग दोघीही एकमेकींकडे न बघता आपापल्या कामाला लागल्या.

कन्यादान कुणी करायचं, हा प्रश्न आला. आई विधवा, तिच्या हातून गुरुजी करू देईनात. पेठचा भाऊ आला होता, पण तो मागे मागे सरकत राहिला. शेवटी मी आणि माझा नवरा बसलो. सख्ख्या भावाच्या बायकोचा हात मी दुसऱ्याच्या हातात दिला. मी नणंद होते की आई होते, मला कळत नव्हतं. त्या माणसाविषयी माझ्या मनात काही वाईट नव्हतं. तरी पाणी सोडताना मला फक्त भाऊच दिसत होता, आणि रागही येत होता, कुणाचा ते सांगता येणार नाही. भाची माझ्या मांडीला टेकून पेढा खात होती. तिने विचारलं, “आत्या, आईचं लग्न आहे तर आजी का रडते?”

पहिल्या दिवाळीला ते तिघं आले. येणार म्हणून आईने बैठकीतल्या भिंतीवरचा भावाचा फोटो काढून कपाटात ठेवला. जावयाला अवघड वाटू नये, म्हणून. आई त्यांना जावईबापूच म्हणायची. भावजयीची नजर आत येताच भिंतीकडे गेली.

“आई, फोटो कुठंय?”

“काच पुसायला काढलाय.”

जेवणं होईपर्यंत त्या रिकाम्या खिळ्याकडे कुणी पाहिलं नाही. निघताना जावई दारात थांबले, आणि नेहमीसारखे खाली बघत म्हणाले, “आई, फोटो लावा परत. मी त्यांच्यामुळंच तर या घरात येतो ना.” आई तशीच आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर फोटो कधी काढावा लागला नाही.

पहिली दोन वर्षं ठरल्याप्रमाणे गेली. माल निघाला की द्राक्षांची एक पेटी यायची. जावई स्वतः घेऊन यायचे, पाणी पिऊन लगेच परत. मग भावजयीला मुलगा झाला. आईने त्याच्यासाठी मऊ कापडाची झबली शिवली. शेजारणीने विचारलं, “हा तुमचा कोण लागतो हो?” आई म्हणाली, “नातूच की.” पण बारशाचं बोलावणं आलं नाही. झबली मी बसने जाऊन दिली. सासूने ती हातात घेतली, “बरी शिवलीत,” म्हणाली आणि ठेवून दिली. मला जेवायचा आग्रह केला. भावजय स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघत होती. आम्हा दोघींना एकांत असा मिळालाच नाही.

त्यानंतर येणं विरळ झालं. कधी बागेत छाटणी, कधी घड औषधात बुडवायचं डिपिंग, कधी मुलाचं दुखणं. कारणं सगळी खरी होती. द्राक्षाचं पीक माणसाला घर सोडू देत नाही, हे नाशिकमध्ये राहून आम्हाला माहीत होतं. पण आई फोन करायची तेव्हा बहुतेक वेळा सासूच उचलायची. “ती बागेत हाय. सांगते.” आणि फोन बंद. भाचीच्या नावापुढे आता दिंडोरीकडचं आडनाव लागलं होतं. शाळेत तसंच सोयीचं, असं कळलं. आई एवढंच म्हणाली, “बरोबर आहे. पोरीला रोज कुणी विचारायला नको.”

ती भाचीसाठी फ्रॉक शिवत राहिली. समोर पोर नाही, मग माप कसलं? गल्लीतल्या त्याच वयाच्या मुलीला उभं करून ती अंदाज घ्यायची. सुट्टीत भाची यायची तेव्हा फ्रॉक कधी बगलेत काचायचा, कधी घोट्यापर्यंत लोंबायचा. भाची तो घालून दाखवायची. आई म्हणायची, “पुढच्या वेळी बरोबर येईल.” मग भाची जीन्स घालायला लागली आणि आईने मशीनवर कापड टाकून ठेवलं.

आईला श्वासाचा त्रास सुरू झाला तो गेल्या थंडीत. छातीत पाणी झालं होतं. तिला गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात ठेवलं. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत. मी भावजयीला फोन केला. सुदैवाने तिनेच उचलला. “येते,” एवढंच म्हणाली.

दुपारी मी वर आईजवळ होते. खाली आले तर ती जिन्याजवळच्या बाकावर बसलेली. पायात बागेतल्या चपला, पदराला औषधाचा वास. फवारणी चालू होती, तशीच उठून आली होती. भाची तिच्या शेजारी होती, आता तिच्याहूनही उंच.

“अगं, वर का नाही आलीस?”

“वॉचमनने विचारलं, ब्लड रिलेशन आहे का. मी नाही म्हटलं.”

“सून म्हणायचंस!”

ती माझ्याकडे बघत राहिली. “म्हणणार होते, ताई. पण दुसऱ्याचं मंगळसूत्र गळ्यात घालून कसं म्हणू?”

मी वॉचमनपाशी गेले. तो बिचारा नियमाने चालणारा. भाचीला बघून म्हणाला, नात आहे ना, मग जाऊ द्या. भाची वर गेली. ती खाली आल्यावर मी माझा पास भावजयीच्या हातात दिला आणि म्हणाले, “कुणी विचारलं तर मुलगी सांग.” ती गेली. वॉचमनने मला काचेबाहेर उभं राहू दिलं, तिथून दिसत होतं. आईच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले. भावजय पायाशी उभी राहिली आणि चादरीवरून हळूहळू पाय चेपायला लागली. नर्सने येऊन सांगितलं, हात लावू नका. तिने हात मागे घेतले, पण तिथून हलली नाही. आईने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

अग्नी नामपूरच्या चुलत भावाने दिला. भावजय आणि जावई अमरधामला आले, मागे बायकांत आणि पुरुषांत वेगवेगळे उभे राहिले आणि परत गेले. नातेवाइकांत कुणीतरी कुजबुजलं, “त्या कोण?” कुणीतरी उत्तर दिलं, “पाहुणे आहेत, दिंडोरीचे.” आपल्याकडे पाहुणा म्हणजे नातेवाईकही आणि परकाही. बोलणाऱ्याच्या मनात कुठला होता, कुणास ठाऊक.

दोन दिवसांनी भावजयीचा फोन आला. आवाज दबका होता. “ताई, एक विचारू? मला सुतक लागतं का?”

 मी तिला थांबायला सांगून चुलत भावाला विचारलं. तो म्हणाला, “तिला कसलं सुतक? ती दुसऱ्या घरची झाली. मुलीचंही आडनाव बदललंय, तिलाही नाही.” सोयरसुतक नसणं हे आपण किती सहज बोलतो, कुणाला कुणाची पर्वा नाही अशा अर्थाने. त्या दिवशी त्या शब्दाचा मूळ अर्थ माझ्या अंगावर आला.

“लागत नाही म्हणतात गं,” मी फोनवर सांगितलं.

“बरं,” ती म्हणाली.  “मग आज देवाला दिवा लावायला हरकत नाही.” आणि फोन ठेवला.

दहाव्याला आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीवर गेलो. विधी चालू असताना घाटाच्या पायऱ्यांवरून भावजय उतरताना दिसली. तिच्या हाताला धरून तिची सासू येत होती. ती आता बरीच थकली होती, एकेक पायरी बघून पाय टाकत होती. भाची मागे होती. मला आश्चर्य वाटलं. ही बाई आमच्या घरी त्या बैठकीनंतर पुन्हा कधी आलीच नव्हती.

ती येऊन माझ्याजवळ टेकली. दम खाल्ला आणि म्हणाली, “दहाव्यापत्तुर हिला देवाला शिवू दिलं नाय. चूल पन मीच बघितली. पोरीलाबी लांबच ठेवलं. समदं रीतसर केलं, कायी राह्यलं असंल तर सांगा.”

चुलत भावाने ते ऐकलं. “कशाला, आजी? तिला सुतक नव्हतंच. आम्ही सांगितलं होतं.”

म्हातारीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. “तुमी सांगितलं आसंल. पन फोन ठेवल्यापास्नं ती लय रडत व्हती. जेवायची नाय, निजायची नाय. मी म्हनलं, बाई, सुतक नाय तर मंग हे काय हाय? बस बाजूला. देवघरात पाऊल टाकू नको.”

चुलत भाऊ परत विधीकडे वळला. भावजय पाण्याकडे तोंड करून उभी होती. मी म्हातारीचा हात धरला. हात खरबरीत आणि गार होता. मला तिच्या पायाही पडावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवून विचारावंसंही वाटलं, की हे तुम्ही काही वर्षं आधी का नाही म्हणालात, माझी आई फोनपाशी बसायची तेव्हा? मी काहीच विचारलं नाही. तिच्या पायांना सूज होती आणि तरी ती एवढ्या पायऱ्या उतरून आली होती.

परत निघताना भाची माझ्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, “आत्या, एक सांगू? बाबांचा फोटो बघून सगळे रडतात, तेव्हा मला काही रिलेट नाही व्हायचं. मला ते आठवतच नाहीत. मला खूप गिल्टी वाटायचं.” ती थांबली. “आजी गेल्यावर कळलं, तुम्हाला तेव्हा कसं झालं असेल.” मी तिला जवळ घेतलं. ती माझ्यापेक्षा उंच झालीय, तिचं डोकं माझ्या खांद्यावर नीट टेकेना.

सिडकोतलं घर मी अजून रिकामं केलेलं नाही. आठवड्यातून एकदा जाते, खिडक्या उघडते, झाडते आणि परत येते. अखजीच्या दिवशीही गेले होते. भावजयीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, आई नसली तरी ये, मी आहे. सकाळी तिचा फोन आला. एप्रिलची छाटणी मध्येच अडकली होती, मजूर कमीच आले होते, तिलाच बागेत उभं राहावं लागत होतं. “पुढच्या वेळी नक्की येते, ताई.”

“बरं. जेवलीस का?”

“आता बसेन. तुम्ही?”

“केलंय थोडं.”

मग ती मुलाच्या सर्दीबद्दल बोलली, मी शाळेच्या सुट्टीबद्दल बोलले. बोलायचं ते संपलं होतं, पण ती फोन ठेवत नव्हती आणि मीही नाही. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तेवढ्यात तिच्या सासूचा आवाज आला, “कोनाचा फोन हाय?”

“ताईंचा,” भावजय म्हणाली.

कुठल्या ताई, असं म्हातारीने विचारलं नाही. “बोल बोल,” म्हणाली, “मी बघते त्या मानसांकडं.”